आबा म्हणाले, कोरडं पडलंय

आबा पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले ते शेजारच्या सीटवर. मी चावी फिरवायच्या आतच त्यांनी विचारलं, “एवढी पुढं सरकून का बसतीस गं?”

मी म्हटलं, सवय आहे. ते गप्प राहिले. २६ वर्षं कोल्हापूर-रत्नागिरी एसटी चालवलेल्या माणसाला सवय कुठली आणि नाइलाज कुठला, हे वेगळं सांगावं लागत नाही. उंचीने आम्ही दोघं बापलेक सारखेच, पाच फूट दोन इंच. त्यामुळे सीट कुठे असायला हवी हे त्यांना नुसत्या नजरेने कळत होतं.

रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो. दारात गाडी थांबली, तसे ते उतरून माझ्या बाजूला आले, मला उठवलं आणि स्वतः बसले. इंजिन बंदच होतं. डाव्या पायाने त्यांनी क्लच दाबला, अगदी सावकाश. तितक्याच सावकाश सोडला. पुन्हा दाबला. एखाद्याची नाडी बघावी तसे डोळे मिटलेले होते. मग म्हणाले, “हे ताकदीनं जड न्हाई. हे कोरडं पडलंय.”

गेली दोन वर्षं मला सगळ्यांनी याच्या नेमकं उलट सांगितलं होतं.

गाडी टर्बो-पेट्रोल, चार दारांची, मी घेतली तेव्हा १२ वर्षं जुनी. तिचं नाव घेत नाही, कारण बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. जे झालं ते आधीच्या मालकाने केलं आणि उरलेलं काळाने. त्याने इंजिनाचं रिमॅपिंग करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ३०० न्यूटन-मीटरपर्यंत नेला होता आणि तो पेलावा म्हणून बाहेरची, जास्त कडक प्रेशर प्लेट (क्लच आवळून धरणारा भाग) बसवली होती. गाडी बघायला गेले तेव्हा विकणारा म्हणाला, “पॉवर आहे मॅडम, म्हणून क्लच जड आहे. झेपेल ना तुम्हाला?” गाडी आवडलीच होती. पण खरं सांगायचं तर त्या ‘झेपेल ना’मुळे मी ती त्याच दिवशी घेतली.

आणि झेपवत राहिले. एकदा शिरोली नाक्यापासून घरापर्यंत मोजलं, संध्याकाळच्या गर्दीत ४६ वेळा क्लच दाबावा लागला. घरी आल्यावर जिना चढताना डावी मांडी थरथरायची. वेगवान गाडी चालवणाऱ्यांत एक समजूत पक्की आहे की जड क्लच म्हणजे अस्सल गाडी आणि ज्याला तो जड वाटतो तो कच्चा. मीही ती समजूत बाळगून होते. दुखऱ्या पायाचा मला अभिमान वाटायचा.

आबांनी सीटबद्दल विचारलं नसतं तर एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नसती. हलका क्लच माणूस घोट्याने दाबतो. टाच जमिनीला टेकलेली राहते आणि पंजा पुढे-मागे होतो, त्यामुळे क्लच कुठे धरतो ती जागा केसभर अचूक सापडते. जड क्लचला टाच उचलावी लागते, जोर खुब्यातून येतो, मांडी ढकलते. मांडीला बारीक काम जमत नाही. शिवाय असा जोर लावायचा तर गुडघा चांगला वाकलेला हवा, म्हणून माणूस पुढे सरकतो. उंची कमी असेल तर आणखी पुढे. अमेरिकेतली रस्ते-सुरक्षा संस्था सांगते की स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीचं हाड किमान २५ सेंटिमीटर लांब असावं, म्हणजे एअरबॅग फुगताना तीच घाव घालत नाही. मी फूटपट्टीने मोजलं, १९ भरलं. जो क्लच मी मोठ्या मानाने झेपवत होते, त्याने मला एअरबॅगच्या तोंडाशी नेऊन बसवलं होतं.

मग मी मुळापासून समजून घ्यायला बसले.

क्लचचं काम सोपं आहे. एक पातळ थाळी दोन तळहातांत घट्ट दाबून धरा आणि कुणाला तरी ती फिरवायला सांगा. थाळी निसटेल की नाही हे चार गोष्टींवर ठरतं: तुम्ही किती जोराने दाबता, हात किती खरखरीत आहेत, मध्यापासून किती लांब धरलंय आणि घासणाऱ्या बाजू किती आहेत. एका क्लच प्लेटला दोन बाजू. घर्षणाचा गुणांक साधारण ०.३, सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर धरली, तर ३०० न्यूटन-मीटर पेलायला सुमारे ५६५ किलोचा दाब लागतो. घसरू नये म्हणून थोडी वरची सोय ठेवली की आकडा ८०० किलोच्या आसपास जातो. गाडी रस्त्यावर असताना प्रेशर प्लेट तेवढ्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, आवळून धरते, आणि सिग्नलला आपण डाव्या पायाने ती मिठी सोडवतो.

८०० किलो पायाला झेपतात ते तरफांमुळे. प्रेशर प्लेटच्या आत डायफ्राम स्प्रिंग असते. उथळ बशीसारखी पोलादी चकती, मधून बाहेरच्या दिशेने चिरा दिलेली, त्यामुळे तिला बोटं फुटल्यासारखी दिसतात. रिलीज बेअरिंग या बोटांची टोकं दाबतं. ही बोटंच एक तरफ आहेत, साधारण साडेतीनास एक. म्हणजे बेअरिंगवर उरले २२५-२३० किलो. पुढे बेअरिंगला ढकलणारा फोर्क, तेलाचे दोन सिलिंडर आणि खुद्द पेडल, हे मिळून माझ्या गाडीत साधारण बारास एक. पायाशी येतात १९ किलो.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात किती लागतात ते बघायला मी एक छोटा डिजिटल वजनकाटा पेडलवर धरून त्यावर पाय ठेवून दाबला. २४ किलो. भावाच्या साध्या हॅचबॅकमध्ये हाच प्रयोग केला तर ९ भरले.

कागदावर १९ आणि पायाखाली २४. हे वरचे पाच किलो कुठून आले? या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले आणि मग एक साधी गोष्ट सुचली. आबांनी पेडल दाबताना जेवढं लक्ष दिलं होतं, तेवढंच सोडतानाही दिलं होतं. म्हणून मी सोडतानाही मोजलं. पेडल अर्ध्यावरून परत येत असताना काट्यावर फक्त १३ किलो होते.

स्प्रिंग प्रामाणिक असते. दाबताना जेवढा जोर घेते, तेवढाच सोडताना परत देते. घर्षण मात्र दोन्ही वेळा आडवं येतं. दाबताना ते पायाच्या विरुद्ध असतं म्हणून आकडा चढतो, आणि सोडताना स्प्रिंगच्या विरुद्ध म्हणून उतरतो. २४ आणि १३ यांचा मध्य साडेअठरा. कागदावरच्या १९ ला जवळजवळ चिकटलेला. उरलेले साडेपाच किलो निव्वळ घासण्याचे. त्यांनी गाडीला कणभरही ताकद मिळत नव्हती आणि माझा पाय मात्र दर वेळी ते उचलत होता. आबांना हे काट्याशिवाय कळलं होतं.

त्यांना फोन करून आकडे सांगितले. म्हणाले, “मग खोल की. बघत काय बसलीस?”

शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथले मामा वयाने आबांच्या जवळपास आणि बोलायला तेवढेच मोजके. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा आबा पत्र्याच्या स्टुलावर डावा पाय लांब करून बसले होते. तो गुडघा आता पुरता वाकत नाही. त्यांची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड आहे, हे मी लहानपणापासून बघत आले. आंब्याचा घाट उतरून-चढून आलेल्या रात्री आई त्या पायाला तेल लावायची. तेव्हा वाटायचं, ड्रायव्हरचा पाय असाच असतो.

मामांनी बॅटरीचा उजेड आत मारला आणि मला वाकायला सांगितलं. रिलीज बेअरिंग एका नळीवर पुढे-मागे सरकतं. ती नळी आरशासारखी गुळगुळीत असायला हवी. तिच्या दोन्ही अंगांना चर पडल्या होत्या. खालच्या बाजूची तर नखाला अडकत होती. जुनं ग्रीस क्लचच्या काळ्या धुळीत मिसळून इतकं कडक झालं होतं की मामांनी ते नखाने उचललं तेव्हा जखमेवरची खपली निघावी तसं निघालं. फोर्क ज्या गोळ्यावर डुलतो, त्याची प्लास्टिकची वाटी एका बाजूने झिजून कागदासारखी झाली होती, म्हणजे फोर्क जरा तिरका चालत होता आणि बेअरिंगला नळीवर तिरकं ओढत होता. आबांनी बेअरिंग मागून घेतलं, कानाशी धरून बोटाने फिरवलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिलं. मीही कानाशी धरलं. आत वाळू असल्यासारखा आवाज येत होता.

दुसरी गोष्ट दिसली ती मला जास्त महत्त्वाची वाटली. क्लच प्लेट बरीच झिजली होती. माझी समजूत अशी की प्लेट झिजली की स्प्रिंग सैल होत असेल आणि पेडल हलकं. डायफ्राम स्प्रिंगमध्ये उलटं होतं. या बशीचा जोर दाबत गेलं की आधी चढतो, एका टोकाला पोचतो आणि मग उतरतो. नवी प्लेट असताना स्प्रिंग या चढाच्या पलीकडच्या उतारावर बसवलेली असते. प्लेट पातळ होत जाते तशी स्प्रिंग टोकाकडे सरकते आणि तिला दाबायला जास्त जोर लागतो. रोज केसाइतका फरक, म्हणून चालवणाऱ्याला कळत नाही. पाय रोजच्या रोज जुळवून घेतो आणि तीन वर्षांनी माणूस म्हणतो, ही गाडी पहिल्यापासून अशीच आहे. लुक या जर्मन कंपनीने १९९०च्या दशकात आपोआप जुळणारा क्लच आणला तो यावरच उपाय म्हणून. प्लेट झिजेल तशी आत एक कडी फिरते आणि स्प्रिंगला तिच्या मूळ जागी ठेवते. इतकी माणसाच्या बाजूची कल्पना यंत्रांत फार वेळा भेटत नाही.

आता पेडल हलकं करायचे मार्ग. मामांनी सगळ्यात स्वस्त मार्ग आधी सांगितला: पेडलजवळचा मास्टर सिलिंडर सहा सूताचा आहे, तो पाच सूताचा टाकू. इंचाचे आठ सूत, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. क्षेत्रफळाचं प्रमाण ३६ ला २५. पायाचा जोर ३१ टक्के उतरणार. ऐकायला फार गोड. पण तेल तेवढंच कमी ढकललं जाणार, म्हणजे बेअरिंगची ८ मिलिमीटरची चाल साडेपाचवर येणार. तेवढ्यात प्लेट पुरती सुटली नाही तर गिअर कर्रकन लागतो आणि दर बदलाला सिंक्रोची, म्हणजे गिअरांचा वेग जुळवणारी, कडी थोडी थोडी खाल्ली जाते. पेडल हलकं होतं आणि गिअरबॉक्स मरतो. पेडलची तरफ लांब केली तरी व्यवहार तोच: जोर वाचला तर चाल द्यावी लागते. तरफा आणि सिलिंडर यांच्याकडून फुकट काही मिळत नाही. फुकट मिळतं ते फक्त घर्षणाकडून, आणि तिथेच कुणी हात घालत नाही, कारण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पेडलच्या मुळाशी कंसावर मला दोन रिकामी भोकं दिसली. तिथे कंपनीची मदतनीस स्प्रिंग होती. ती सुरुवातीला पायाविरुद्ध ढकलते आणि पेडलने मध्य ओलांडला की बाजू बदलून पायासोबत दाबते. आधीच्या मालकाने ती काढून टाकली होती. वेगवान गाड्यांवाले हे हौसेने करतात, कारण त्या स्प्रिंगमुळे क्लच नेमका कुठे धरतो ते पायाला बोथट कळतं. मी ती परत बसवली नाही. इथे मला त्या अनोळखी माणसाचं पटलं.

दोन प्लेटांचा क्लच हाही एक रस्ता. घासणाऱ्या बाजू दोनाच्या चार झाल्या की त्याच टॉर्कला दाब निम्मा पुरतो. पोर्शेच्या करेरा जीटीमध्ये दोन प्लेटांचा सिरॅमिक क्लच आहे, व्यास फक्त १६९ मिलिमीटर. पण तिथे हेतू पायाला आराम द्यायचा नव्हता. क्लच लहान करून इंजिन जमिनीलगत बसवायचं होतं आणि फिरणारं वजन कमी करायचं होतं. म्हणून ती गाडी जागेवरून हलवणं भल्याभल्यांना अवघड जातं. चार बाजू मिळाल्या की त्या आरामावर खर्च करायच्या की आणखी वेगावर, हे शेवटी बनवणारा ठरवतो.

पोर्शेचंच आणखी एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. ९११च्या ९९६ या पिढीतली टर्बो, ४२० अश्वशक्ती, ५६० न्यूटन-मीटर. एवढा टॉर्क आणि एकच प्लेट, तरी पेडल सुसह्य, कारण पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचं तेल क्लचलाही मदत करतं. दाब एका साठवण-गोळ्यात जपून ठेवलेला असतो. पण तो गोळा थकला की पेडल एकदम दगड होतं. मग बरेच मालक त्याच पिढीच्या जीटी२ चा साधा, मदतीविना चालणारा सिलिंडर बसवतात. पेडल जरा जड होतं पण रोज सारखं राहतं. याच कंपनीच्या १९८७ पासूनच्या ९११ मध्ये केबल जाऊन तेलावरचा क्लच आला. त्या गाड्यांत फोर्कचा शाफ्ट ज्या सुई-बेअरिंगवर फिरतो ते कोरडं पडलं की पेडल जड होतं. मालक आधी क्लच बदलतात, सिलिंडर बदलतात, आणि दुखणं त्या मूठभर सुयांत असतं. हे वाचलं तेव्हा मी आबांना मुद्दाम फोन केला. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

पेडलच काढून टाकणं हाही उपाय आहे, आणि वेगवान गाड्यांच्या जगाने तोच घेतला. २०१३ची ९११ जीटी३ फक्त दोन क्लचांच्या आपोआप बदलणाऱ्या गिअरबॉक्ससह आली. वेगात ती सरस होती. तरी २०१६ मध्ये ९११ आर ही मॅन्युअल गाडी काढावी लागली, ९९१ नगांची, आणि २०१७ मध्ये जीटी३लाही क्लचचं पेडल परत मिळालं. ते परत मागणाऱ्यांत मीही मनाने आहेच. मला पेडल हवं आहे. डाव्या पायाने इंजिन आणि चाकं यांची गाठ बांधणं-सोडणं यासारखं सुख मला गाडी चालवण्यात दुसरं ठाऊक नाही. म्हणून तर ते कोरडं पडलेलं बघवत नाही.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते. नळी, बेअरिंग, फोर्कचा गोळा आणि वाटी, पेडलचे बुश, क्लच प्लेट, सगळं नवं. नळी पुण्याहून यायला नऊ दिवस लागले. प्रेशर प्लेट एक पायरी कमी कडक घेतली आणि त्यासाठी रिमॅप बदलून टॉर्क ३०० वरून २६० वर आणला. हा निर्णय सोपा नव्हता. वरचे ४० न्यूटन-मीटर मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांजवळ एका धक्क्यासारखे यायचे आणि तो धक्का मला आवडायचा. पण तेवढ्या दोन क्षणांसाठी दिवसभर दर सिग्नलला मी वरचा दाब उचलत होते.

ग्रीस लावताना मामांनी बोटावर थोडं घेतलं, नळीवर फिरवलं आणि मग फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाकलं. मी विचारलं, एवढंच? म्हणाले, “दिसलं न्हाई पायजे ताई, नुसतं लागलं पायजे. जास्त झालं की धूळ धरतंय आन् परत खपली.” आबांनी मान डोलावली.

काटा पुन्हा लावला. दाबताना १६, सोडताना १३. मध्य साडेचौदा, घर्षण दीड किलो. ९ किलोची हॅचबॅक ही नव्हे आणि मला ती तशी करायचीही नव्हती. परतताना पायाला एक जुनी ओळख नव्याने झाल्यासारखं वाटलं. टाच जमिनीला टेकलेली राहिली आणि क्लच कुठे धरतो ते पंजाला आधी कळलं, गाडीला मग. दसरा चौकात थांबले असताना सीटची कडी ओढली आणि दोन खाचे मागे सरकले. घरी फूटपट्टी लावली, २६ सेंटिमीटर.

पुढच्या रविवारी आबांना घेऊन मलकापूरमार्गे आंब्याला गेले. घाट मी उतरवला. साखरप्याला चहा झाला, आणि आबांनी हात पुढे केला. मी चावी दिली. ते बसले, आरसा ठीक केला, टाच जमिनीला टेकवून क्लच एकदा पूर्ण दाबला, सावकाश सोडला. पहिला गिअर टाकला. सीटला त्यांनी हात लावला नाही.